विश्लेषण : भिंतीतली बुरशी, खाणीतली चांदी... ‘मेक्सिकन गॉथिक’ आवडते आणि खटकतेही, असे का?

सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ ही इंग्रजी भयकादंबरी ३० जून २०२० रोजी प्रकाशित झाली. तेव्हा करोनामुळे जगातले बहुतेक लोक आपापल्या घरात अडकलेले होते, आणि ही गोष्टही एका घरात अडकलेल्या बाईची होती. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ती पोहोचली. २०२१ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट भयकादंबरीचा लोकस पुरस्कार, ब्रिटिश फँटसी पुरस्कारांतील ऑगस्ट डर्लेथ पुरस्कार आणि कॅनडाचा अरोरा पुरस्कार असे तीन सन्मान मिळाले. मात्र, पुस्तक वाचलेल्यांची मते विचारली तर उत्तर सहसा ‘आवडले, पण...’ असे सुरू होते. या ‘पण’मागे काय आहे? हे गाव, ही खाण, ही बुरशी यात खरे किती? आणि या कादंबरीचा भारताशी, मराठीशी काही संबंध लागतो का?

(सूचना : या लेखात कादंबरीतील रहस्य उघड केले आहे.)

गोष्ट काय आहे?

काळ १९५०चा. मेक्सिको सिटीतल्या श्रीमंत घरातली २२ वर्षांची नोएमी ताबोआदा पार्ट्यांना जाते, उंची कपडे घालते, सिगारेट ओढते आणि तिला मानववंशशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. तिची चुलत बहीण कातालिना हिचे घाईघाईत एका इंग्रज घराण्यात लग्न झालेले असते. एक दिवस कातालिनाचे विचित्र पत्र येते. नवरा विष घालतोय, घराच्या भिंतींतून आवाज येतात, मला सोडवा, अशा अर्थाचे. प्रकरण काय आहे ते पाहून ये, मग विद्यापीठात प्रवेशाला माझी परवानगी, असा सौदा वडील नोएमीशी करतात.

नोएमी डोंगरातल्या एल त्रिउन्फो या गावी पोहोचते. गावापासून दूर, धुक्यात, ‘हाय प्लेस’ नावाचा जुनाट इंग्रजी पद्धतीचा वाडा आहे. कधीकाळी चांदीच्या खाणीवर गब्बर झालेले आणि आता कंगाल झालेले डॉयल कुटुंब तिथे राहते. मरणपंथाला लागलेला म्हातारा हॉवर्ड, त्याचा देखणा आणि क्रूर मुलगा व्हर्जिल, घराला शिस्त लावणारी फ्लॉरेन्स आणि तिचा अशक्त, हळवा मुलगा फ्रान्सिस. जेवताना बोलायचे नाही, गावात एकटे जायचे नाही, कातालिनाला फार वेळ भेटायचे नाही, असे नियम. पहिल्याच भेटीत हॉवर्ड नोएमीच्या सावळ्या रंगाविषयी बोलतो आणि वंशांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेवर चर्चा सुरू करतो.

पुढे कळते ते असे. घराच्या भिंतींत आणि जमिनीत एक बुरशी पसरलेली आहे. ती आजार बरे करते, आयुष्य लांबवते आणि माणसांच्या आठवणी साठवून ठेवते. तिच्या आधाराने हॉवर्ड शेकडो वर्षे जगला आहे. शरीर थकले की तो आपल्याच वंशातल्या तरुण देहात शिरतो. बुरशी फक्त डॉयल रक्ताशीच नीट जुळते म्हणून घराण्यात नात्यातच लग्ने होत आली. या जाळ्याच्या मध्यभागी आहे हॉवर्डची पहिली बायको ॲग्नेस, जिला जिवंत पुरण्यात आले. आणि बुरशीला खत म्हणून मिळाले ते खाणीत मेलेल्या मेक्सिकन मजुरांचे देह.

‘गॉथिक’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत या प्रकाराची सुरुवात होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानली जाते. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तिला ‘गॉथिक’ गोष्ट म्हटले आणि नाव चिकटले. जुना किल्ला किंवा वाडा, घराण्याचे दडवलेले पाप, कोंडलेली स्त्री आणि आपली पकड न सोडणारा भूतकाळ ही या प्रकाराची चौकट. ॲन रॅडक्लिफ यांनी १७९०च्या दशकात ती लोकप्रिय केली. पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८), एडगर ॲलन पो यांची अशर घराण्याच्या विनाशाची कथा (१८३९), ‘जेन आयर’ (१८४७), ‘ड्रॅक्युला’ (१८९७), दाफ्ने द्यु मॉरिए यांची ‘रिबेका’ (१९३८) अशी ही परंपरा वाढत गेली.

‘मेक्सिकन गॉथिक’ या परंपरेतले बहुतेक सगळे सामान मुद्दाम वापरते. धुके, कौटुंबिक स्मशान, वरच्या मजल्यावरची आजारी बायको, कठोर घरव्यवस्थापक बाई, रात्रीचे आवाज. पिवळ्या वॉलपेपरमागे कोणीतरी आहे असे वाटणारी कातालिना थेट शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या १८९२च्या प्रसिद्ध कथेची आठवण करून देते. फरक दिशेचा आहे. जुन्या इंग्रजी गॉथिकमध्ये भीती बाहेरून येई. इटलीतला खलनायक, ट्रान्सिल्व्हेनियाचा सरदार, जमैकाहून आणलेली वेडी बायको. इथे इंग्रज कुटुंबच परदेशी आहे आणि संकट त्यांच्या सोबत आले आहे. शीर्षकातले दोन शब्द शेजारी ठेवण्याचा अर्थ हाच.

हे गाव खरे आहे का?

एल त्रिउन्फो काल्पनिक आहे, पण त्यामागचे गाव खरे आहे. मेक्सिकोच्या हिदाल्गो राज्यात पाचुका शहराजवळ रेआल देल मोंते नावाचे खाणगाव आहे. उंची सुमारे २,७०० मीटर, हवा थंड, धुके नेहमीचे. तिथली इंग्रजांची दफनभूमी पाहून ही कादंबरी सुचल्याचे लेखिकेने सांगितले आहे. तिथल्या बहुतेक कबरींची तोंडे इंग्लंडच्या दिशेला आहेत, असे गावात सांगितले जाते.

इंग्रज तिथे कसे पोहोचले, ही गोष्ट कोणत्याही भयकथेइतकीच रंजक आहे. या भागात सोळाव्या शतकापासून स्पॅनिश अमलाखाली चांदी काढली जात होती. पाऱ्याच्या साह्याने चांदी वेगळी करण्याची ‘पातिओ’ पद्धत १५५०च्या दशकात पाचुकातच विकसित झाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत खाणी पाण्याने भरल्या. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि तीन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनमध्ये भांडवल गोळा करून या खाणी चालवण्यासाठी कंपनी उभी राहिली.

खाणीतले पाणी उपसायला वाफेची इंजिने हवी होती आणि ती चालवणारे लोक इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात होते. उच्च दाबाच्या वाफेवर चालणारे, कमी कोळशात जास्त पाणी उचलणारे ‘कॉर्निश इंजिन’ हे तेव्हाचे अत्याधुनिक तंत्रज्ञान. १८२५ मध्ये सुमारे १,५०० टन यंत्रसामग्री घेऊन जहाजे मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर आली. तिथल्या तापाने कित्येक माणसे किनाऱ्यावरच मेली. उरलेल्यांनी यंत्रांचे अजस्र भाग डोंगरावर ओढत नेले. एवढे करून कंपनी तोट्यातच राहिली आणि १८४९ मध्ये तिने हात टेकले. खाणी मेक्सिकन मालकांकडे गेल्या आणि काही वर्षांतच तिथे चांदीची समृद्ध शीर सापडली.

कॉर्निश लोकांच्या खुणा मात्र राहिल्या. सारण भरलेल्या त्यांच्या ‘पेस्टी’ला तिथे ‘पास्ते’ म्हणतात आणि आज तीच त्या भागाची ओळख आहे. मेक्सिकोत फुटबॉलही याच लोकांमुळे पाचुकात रुजला, असे मानले जाते.

भारताशी संबंध काय?

रेआल देल मोंतेच्या इंग्रज कंपनीच्या कारभारात जॉन टेलर हे खाण अभियंते व उद्योजक आघाडीवर होते. त्यांच्याच कुटुंबाच्या ‘जॉन टेलर अँड सन्स’ या फर्मने १८८० मध्ये म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणी हाती घेतल्या. होय, चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेले तेच ‘केजीएफ’. कॉर्निश खाणकामगार आणि अधिकारी तिथेही आले. बंगले, क्लब, चर्च उभे राहिले आणि वस्तीला ‘लिटल इंग्लंड’ हे नाव पडले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून कोलारला वीज पोहोचली. जमिनीखाली तीन किलोमीटरहून अधिक खोल उतरणारे मजूर मुख्यत्वे तमिळ आणि तेलुगू भाषक, बरेचसे दलित होते. २००१ मध्ये या खाणी बंद झाल्या. सायनाइडने प्रक्रिया केलेल्या मातीचे डोंगर अजून तिथेच आहेत.

म्हणजे डॉयल घराण्याचा वाडा मेक्सिकोत असला तरी त्यामागची व्यवस्था भारतीय वाचकाला परकी नाही. परदेशी भांडवल, आयात यंत्रे, स्थानिक मजूर, टेकडीवर साहेबाचा बंगला आणि बागेत साहेबाच्या देशातली फुले. कादंबरीतले डॉयल तर बागेसाठी मातीसुद्धा युरोपातून आणतात. परक्या जमिनीतून सगळे घ्यायचे, पण तिच्यात पाय रोवायचा नाही, हे सांगायला या एका तपशिलापलीकडे काही लागत नाही.

बुरशीच का? त्यात विज्ञान किती?

बुरशीचा जो भाग आपण अळंबी म्हणून पाहतो ते तिचे फळ. खरी बुरशी जमिनीत किंवा लाकडात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्यात असते. हे जाळे किती मोठे असू शकते? अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या मालहुर जंगलात ‘आर्मिलारिया’ जातीच्या एकाच बुरशीचे जाळे सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेले आहे आणि तिचे वय हजारो वर्षे असल्याचा अंदाज आहे. आपल्या यजमानाचे वर्तन बदलणाऱ्या बुरश्याही आहेत. ‘ओफिओकॉर्डिसेप्स’ ही बुरशी मुंगीच्या शरीरात वाढते, तिला झाडावर चढायला लावते, पानाला घट्ट चावायला लावते आणि मग तिच्या डोक्यातून बाहेर येते. ‘द लास्ट ऑफ अस’ या गेम आणि मालिकेमागची कल्पना हीच.

वाड्याच्या वॉलपेपरबद्दलचा तपशीलही हवेतला नाही. १७७५ मध्ये कार्ल शील यांनी आर्सेनिकयुक्त हिरवा रंग तयार केला आणि एकोणिसाव्या शतकात तो युरोपातल्या घरोघरी वॉलपेपरमध्ये वापरला गेला. ओलसर भिंतीवर वाढणारी बुरशी या रंगातून आर्सेनिकचा वायू तयार करू शकते, हे १८९०च्या दशकात इटलीचे बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवले. हा वायू समजला जातो तितका घातक नसावा, असे नंतरच्या काही संशोधकांचे म्हणणे आहे. नोएमीच्या वडिलांचा व्यवसाय रंगांचा. त्यामुळे भिंतीत काहीतरी आहे म्हटल्यावर तिच्या मनात आधी भूत येत नाही, रसायन येते. भयकथेच्या नायिकेने घाबरण्याआधी कारण शोधावे, ही या पुस्तकातली सुखद गोष्ट आहे.

आठवणी साठवणारी, आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात नेणारी बुरशी अर्थातच कल्पना आहे. पण प्रतीक म्हणून ती चपखल बसते. वाडवडिलांची संपत्ती, त्यांचे अपराध आणि त्यांचे आजार एकाच जाळ्यातून पुढच्या पिढीत उतरतात, हे बुरशीइतके नेमके कोण दाखवणार?

पुस्तकाला काय साधले?

सगळ्यात मोठी जमेची बाजू नोएमी. गॉथिकमधल्या गरीब, अनाथ, भेदरलेल्या नायिकेऐवजी इथे लाडात वाढलेली, उद्धट आणि हुशार मुलगी आहे. तिला फसवणे सोपे नाही, कारण माणसांना खेळवणे हा तिचाच खेळ आहे. पण १९५० मध्ये मेक्सिकोतल्या स्त्रीला राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्कही नव्हता. तो १९५३ मध्ये मिळाला. शिकायचे की नाही हे ठरवणार वडील, आजारी बहिणीवर उपचार कोणते हे ठरवणार तिचा नवरा आणि त्याचा डॉक्टर. नोएमी कितीही धीट असली तरी कायदा आणि रिवाज तिच्या बाजूने नाहीत. वाड्याचे दार बंद होण्याआधीच ती बरीचशी कोंडलेली आहे, हे पुस्तक न ओरडता सांगते.

दुसरी बाजू अभ्यासाची. मोरेनो-गार्सिया मेक्सिकोत जन्मल्या आणि कॅनडात व्हँकुव्हरला राहतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा पदव्युत्तर प्रबंध (२०१६) एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराच्या लेखनातील स्त्रिया आणि वंशशुद्धीचे विचार या विषयावर होता. लव्हक्राफ्टच्या कथांत मिश्र रक्ताची, ‘परक्या’ माणसांची धास्ती सर्वत्र आहे. मोरेनो-गार्सिया यांनी तीच धास्ती उलटवली. इथे भीती मिश्रणाची नाही, शुद्धतेच्या हट्टाची आहे. रक्त शुद्ध ठेवण्याच्या नादात डॉयल घराणे सडत गेले आहे.

मग खटकते काय?

पहिली तक्रार गतीची. पुस्तकाच्या पूर्वार्धात नोएमी तेच करत राहते. जेवण, नियम, फ्रान्सिसशी गप्पा, रात्रीचे स्वप्न, सकाळी शंका. स्वप्ने इतकी होतात की त्यांची धार जाते. मग शेवटच्या तिसऱ्या भागात सगळे एकदम अंगावर येते. काहींना ही संथ उकळी आवडते, काहींना ताटकळल्यासारखे होते.

दुसरी तक्रार स्पष्टीकरणाची. रहस्य उलगडताना पात्रे उभी राहून बुरशीचे काम, घराण्याचा इतिहास आणि नियम समजावून सांगतात. मॅन्युअल वाचतोय की काय असे वाटते. मला यंत्रणा कशी चालते ते वाचायला आवडते, पण भीतीचे गणित वेगळे असते. रॅडक्लिफ यांनी १८२६ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखात, दोन प्रकार वेगळे केले होते. अनिश्चिततेतून येणारी धास्ती मनाला ताणते, समोर येणारे किळसवाणे दृश्य मनाला गोठवते. ‘मेक्सिकन गॉथिक’ पहिल्यापासून सुरू होते आणि दुसऱ्यावर संपते. भिंतीत काहीतरी हलते आहे, हे वाचताना जो काटा येतो तो भिंतीत काय आहे हे कळल्यावर येत नाही. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हा फरक सांगावा लागणार नाही.

तिसरी तक्रार खलनायकांची. हॉवर्ड पहिल्या भेटीतच वंशवादी आणि घाणेरडा वाटतो, व्हर्जिल पहिल्या नजरेत धोकादायक. संशयाला जागा उरत नाही. ‘रिबेका’मध्ये मॅक्सिम नेमका कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून ती आजही पछाडते. शिवाय व्हर्जिलची नोएमीवरची जबरदस्ती वारंवार भीतीचे साधन म्हणून येते. हे दृश्य कथेला आवश्यक होते की फक्त धक्क्यासाठी, यावर वाचकांचे खरोखर एकमत नाही.

खाणमजूर कुठे आहेत?

ही चौथी आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर तक्रार. पुस्तकाचा गाभा शोषण आहे, पण ज्यांचे शोषण झाले ते पुस्तकात जवळजवळ दिसत नाहीत. खाणीतला संप, त्याचा पुढारी आणि त्याचा मृत्यू ही हकिगत गावातली जडीबुटीवाली म्हातारी, मार्ता दुवाल, नोएमीला सांगते तेवढीच. तीही ‘शहाणी गावठी बाई’ या साच्यातली. मजुरांच्या वाट्याला येते ते खत होणे. पुस्तक याचा निषेध करते हे खरे, पण निषेध करतानाही त्यांना नाव-गाव, घरदार देत नाही. सुटका होते ती राजधानीतल्या श्रीमंत मुलीची.

खरा इतिहास इथे कादंबरीपेक्षा पुढे आहे. रेआल देल मोंतेच्या मजुरांनी १७६६ मध्ये खाणमालक पेद्रो रोमेरो दे तेर्रेरोस यांच्याविरुद्ध संप केला. ठरलेल्या कामापलीकडे काढलेल्या खनिजातला काही वाटा मजुरांना मिळे. त्यावर मालकाने गदा आणली, हे मुख्य कारण. अमेरिका खंडातल्या सुरुवातीच्या कामगार संपांत त्याची गणना होते. म्हणजे इंग्रज येण्याच्या सहा दशके आधी या गावातली माणसे संघटित होऊन हक्क मागत होती. कादंबरीला या गावाचे धुके दिसले, कबरी दिसल्या. संप मात्र पार्श्वभूमीतच राहिला.

वंशशुद्धी हे फक्त डॉयल घराण्याचे वेड होते?

कादंबरीत सुप्रजननशास्त्र, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांचीच पैदास व्हावी हा विचार, एका विकृत परदेशी म्हाताऱ्याच्या तोंडी आहे. त्यामुळे वाचकाला त्याचा तिरस्कार करणे सोपे जाते. वास्तव इतके सोयीचे नव्हते. १८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला आणि पुढच्या अर्धशतकात तो जगभरच्या सुशिक्षितांत प्रतिष्ठित झाला. मेक्सिकोतच १९३१ मध्ये युजेनिक्स सोसायटी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये व्हेराक्रूझ राज्याने सक्तीच्या नसबंदीला वाव देणारा कायदा केला. हे करणारे टेकडीवरचे इंग्रज नव्हते. ते क्रांतीनंतरच्या नव्या मेक्सिकोचे सुधारक, डॉक्टर आणि अधिकारी होते.

महाराष्ट्रही यापासून अलिप्त नव्हता. मराठीतले अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक लिहून भारतात युजेनिक्सची चळवळ हवी, असे प्रतिपादन केले होते. संततिनियमन, आरोग्य, राष्ट्राची उन्नती या तेव्हाच्या पुरोगामी विषयांच्या शेजारीच हा विचार सुखाने बसला होता. ‘चांगले रक्त’, ‘खानदान’, ‘गोरी, उच्चकुलीन वधू पाहिजे’ ही भाषा आजही विवाहविषयक जाहिरातींत सापडते आणि ती लिहिणारे कोणी राक्षस नसतात. ‘मेक्सिकन गॉथिक’ने हा विचार किती सभ्य चेहऱ्याने फिरत होता हे दाखवले असते, तर ती अधिक भीतिदायक झाली असती. हॉवर्डच्या शरीरावरचे फोड पाहून किळस येते. पण धोका ओळखायचा असेल तर फोड नसलेला हॉवर्ड पाहायला हवा होता.

घर जाळून प्रश्न सुटतो का?

शेवटी नोएमी आग लावते, वाडा पेटतो, ती कातालिना आणि फ्रान्सिसला घेऊन बाहेर पडते. गॉथिकमध्ये घर पडणे किंवा जळणे हा रीतसर शेवट. ॲग्नेसच्या यातना संपतात ते वाचून बरेही वाटते. लेखिका पूर्ण समाधान देत नाही ही तिची हुशारी. फ्रान्सिसच्या रक्तात बुरशी आहेच. ती पुन्हा डोके वर काढेल का, या शंकेवर पुस्तक थांबते.

तरीही एक अडचण उरते. शोषणाला अमानवी कारण दिले की आग हा उपाय होतो. रेआल देल मोंतेला किंवा कोलारला कोणतीही जादूची बुरशी लागली नव्हती. तिथे करार होते, समभाग होते, पंप होते, मजुरीचे दर होते. ते सगळे कागदोपत्री कायदेशीर होते आणि एका रात्रीत जळणारे नव्हते. ‘तुंबाड’ (२०१८) पाहिलेल्यांना हा मुद्दा लगेच कळेल. त्या चित्रपटात वाड्याच्या तळघरात राक्षस आहे, पण प्रत्येक वेळी खाली उतरायचे ठरवतो तो माणूस. राक्षस फक्त वाट पाहतो. डॉयल वाड्यात हा तोल बुरशीच्या बाजूला थोडा जास्त झुकला आहे.

मग वाचावी की नाही?

वाचावी, पण काय हवे आहे ते ठरवून. रात्री झोप उडवणारी गोष्ट हवी असेल तर पूर्वार्धात धीर धरावा लागेल आणि उत्तरार्धात भीतीपेक्षा किळस जास्त मिळेल. वातावरण, कपडे, खाणे, धुके, हुशार नायिका आणि तिची तिरकस उत्तरे यांची मजा घ्यायची असेल तर पुस्तक निराश करणार नाही. वंशवाद, वसाहतवाद आणि स्त्रीची कोंडी यावरचे सखोल भाष्य हवे असेल, तर विषय योग्य आणि मांडणी अर्धवट अशी संमिश्र भावना होण्याची शक्यता अधिक.

मात्र, या कादंबरीने एक काम निश्चित केले. जगाच्या नकाशावर फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या एका खाणगावाची चौकशी लाखो वाचकांनी केली. तिथे इंग्रज कसे आले, चांदी कुठे गेली, कबरीत कोण आहे आणि कबर कोणाच्या नशिबी आलीच नाही, हे प्रश्न पुस्तक बंद केल्यावर सुचतात. त्यांची उत्तरे कादंबरीत पुरेशी नाहीत. ती शोधायला निघालेला भारतीय वाचक हिदाल्गोपासून सुरुवात करून कोलारपर्यंत पोहोचतो आणि तिथे साहेबांची नावे त्याला सहज सापडतात. खाली उतरलेल्या मजुरांपैकी किती जणांची नावे त्याला ठाऊक आहेत, हे ज्याने-त्याने मोजून पाहावे.